बादलीच्या बदल्यात फोन देण्याआधी

ताई, नमस्कार. मी भांडुपला राहते. वय ५९, गेल्या वर्षी निवृत्त झाले. दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा शोकेसच्या खणात तीन जुने मोबाईल निघाले. एक माझाच, चार वर्षं वापरलेला. काच तडकलीय, पण चालतो. दुसरा सासऱ्यांचा. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं, फोनचा पॅटर्न घरात कोणालाच माहीत नाही. तिसरा यजमानांचा. त्याची स्क्रीन काळी पडलीय आणि मागचं झाकण वर आलंय. आमच्या गल्लीत दर आठवड्याला एक माणूस 'बंद पडा मोबाईल, टूटा हुआ मोबाईल' ओरडत येतो. तिन्ही मिळून दोन बादल्या आणि एक टब देतो म्हणाला. माझ्या फोनमधले फोटो मी गेल्या आठवड्यात दोन दुपारी बसून एकेक करून डिलीट केले. शेजारीण म्हणते, आता काय राहिलंय त्यात, देऊन टाक. लेक पुण्याहून म्हणाला, मी येईपर्यंत थांब. तो दिवाळीपर्यंत काही येत नाही. काय करू?
एक वाचक, भांडुप

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा. आधी हातातला नवा फोन घ्या, गूगल फोटोज उघडा आणि तुमचे जुने फोटो तिथे दिसतायत का ते बघा.

घाई करतेय त्याला कारण आहे. जुन्या फोनवर तुमचं नेहमीचंच गूगल खातं असेल आणि फोटोंचा बॅकअप चालू असेल, तर तिथे गूगल फोटोजमधून डिलीट केलेला फोटो फक्त त्या फोनमधून जात नाही. तो खात्यातून जातो, म्हणजे नव्या फोनवरूनही जातो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि ती नेहमी काळजी घेणाऱ्या माणसाच्याच हातून होते. सुदैवाने बॅकअप झालेले फोटो ६० दिवस 'ट्रॅश' किंवा 'बिन' नावाच्या कप्प्यात पडून असतात. तुम्हाला आठवडाच झालाय. तो कप्पा उघडा, हवे ते फोटो निवडा आणि 'रिस्टोअर' दाबा. साठ दिवस उलटले की ते परत मिळत नाहीत. एवढं करा आणि मग पुढचं वाचायला बसा.

आता शेजारणीचं म्हणणं. आता काय राहिलंय त्यात? बरंच राहिलंय. जुन्या चाळींच्या जिन्यापाशी भाडेकरूंच्या नावांची पाटी असते ना, तशी एक पाटी फोनमध्येही असते. कुठला फोटो कुठल्या खोलीत ठेवलाय, याची. आपण डिलीट करतो तेव्हा बहुतेक वेळा पाटीवरचं नाव पुसलं जातं. खोलीतलं सामान तिथेच असतं, नवा भाडेकरू येऊन ते बाहेर काढेपर्यंत. शिवाय तुम्ही फोटो डिलीट केलेत, पण मेसेज? बँकेचे, गॅसचे, दवाखान्याचे? व्हॉट्सॲपवर कोणाला तरी पाठवलेला आधारचा फोटो? पेन्शनच्या कागदांची पीडीएफ 'डाउनलोड्स'मध्ये असेल. एकेक गोष्ट शोधून काढायला बसलात तर पाडव्यापर्यंत पुरेल आणि तरीही काहीतरी राहून जाईल. म्हणून एकेक पुसत बसू नका. काम रिसेटने होतं, फॅक्टरी रिसेटने, म्हणजे फोन नवा घेतला तेव्हा होता तसा कोरा करून.

त्यावर विश्वास ठेवावा का? पूर्वी ठेवता येत नव्हता, हे खरं आहे. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच कंपन्यांचे २१ जुने अँड्रॉइड फोन तपासले होते. रिसेट केल्यावरही त्यातून मेसेज, नंबर आणि गूगल खात्याच्या चाव्यासुद्धा निघाल्या. पण ते फोन अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या आवृत्त्यांचे होते. त्यानंतर चित्र बदललं. हल्लीच्या फोनमध्ये सगळी माहिती कुलूपबंद करूनच साठवली जाते आणि कुलपाची किल्ली फोनच्याच आत असते. रिसेट केलं की फोन ती किल्ली नष्ट करतो. मग कोणी चिप काढून वाचली तरी हाती निरर्थक आकडे लागतात. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक फोनला हे कुलूप सक्तीचं आहे. ती आवृत्ती २०१९ ची. तुमचा फोन चार वर्षांचा, त्यामुळे त्या बाबतीत निश्चिंत राहा. कोणा वाचकाकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोन असेल तर त्यांनी सेटिंगमधल्या 'सिक्युरिटी'त 'एन्क्रिप्ट फोन' म्हणजे हेच कुलूप लावायचा पर्याय आहे का ते बघावं, आधी ते करावं आणि मग रिसेट मारावं. तो पर्यायच नसेल तर रिसेट केल्यावर फोन छताकडे तोंड करून ठेवा, जागा संपेपर्यंत पंख्याचा व्हिडिओ घ्या आणि पुन्हा रिसेट करा. जुन्या खोल्यांत पंखा भरला की मागचं सामान आपोआप बाहेर पडतं.

तुमच्या फोनचं काम एका दुपारचं आहे. चार्जर लावूनच बसा. अर्ध्यात बॅटरी संपली तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

आधी काढून घ्यायचं. नंबर सगळे गूगल खात्यात सेव्ह आहेत, की काही फोनमध्ये किंवा सिममध्येच आहेत, हे बघा. कॉन्टॅक्ट उघडून दहा-बारा जुनी माणसं नव्या फोनमध्ये शोधून पाहा. जुनी शेजारीण, ऑफिसातल्या मैत्रिणी, गावचे दुकानदार. पहिल्या फोनपासून चालत आलेले नंबर बहुतेक सिममध्ये अडकलेले असतात. मग व्हॉट्सॲप. नव्या फोनवर जुने चॅट दिसतायत ना, नुसत्या ग्रुपची नावं नाही, तर आतले दोन वर्षांपूर्वीचे मेसेजही, हे उघडून बघा. व्हॉइस रेकॉर्डरमध्ये कोणाचा आवाज असेल तर तो खास काढून घ्या. त्याचा बॅकअप बऱ्याचदा होतच नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. यूपीआयचा पिन फोनमध्ये साठवलेला नसतो, त्यामुळे फोन दुसऱ्याच्या हाती गेला की खातं रिकामं झालं, असं होत नाही. तरी बँकेच्या आणि पैसे पाठवायच्या ॲपमधून जुन्या फोनवर स्वतः लॉग आउट करा आणि नव्या फोनवर ती चालतायत, हे दहा रुपये कोणाला तरी पाठवून बघा. कधी काही गडबड दिसली, पैसे गेलेले दिसले, तर थांबू नका, १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो देशभरचा नंबर आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

मग खातं. सेटिंगमध्ये 'अकाउंट्स'मध्ये जाऊन गूगल खातं निवडा आणि 'रिमूव्ह अकाउंट' करा. फोन ज्या कंपनीचा, तिचंही वेगळं खातं असतं, तेही काढा. हा टप्पा लोक सोडून देतात. त्यामुळे पुढे काय होतं ते सांगते. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की खातं न काढता, बाहेरची बटणं दाबून फोन रिसेट केला तर सुरू होताना तो जुन्याच मालकाचं खातं मागतो. चोराच्या हाती गेलेला फोन त्याच्या कामाचा राहू नये म्हणून ही सोय आहे. पण फोन विकल्यावर चार दिवसांनी घेणाऱ्याचा फोन येतो: "मॅडम, जीमेलचा पासवर्ड मागतोय, सांगा ना." आणि भल्या मनाने माणूस सांगतो. आपलं अख्खं घर उघडून दिल्यासारखं आहे ते. असा फोन आला तर त्या माणसाला फोन घेऊन तुमच्याकडे बोलवा, स्वतःच्या हाताने टाइप करा, लगेच खातं काढा आणि तो गेला की पासवर्ड बदला. तोंडी कधीही सांगू नका. आयफोन असलेल्यांना यातलं बरंचसं एकाच ठिकाणी मिळतं. 'जनरल'मध्ये तळाशी 'ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन' आहे, त्यातलं 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. ते ॲपलचा पासवर्ड मागतं आणि कुलूपही काढतं.

आता रिसेटचं बटण दाबायच्या आधी फोनच्या कडेचा तो छोटा ट्रे पिनेने बाहेर काढा. हे मी ठळक अक्षरांत छापायला सांगणार होते. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्याच एका दुकानातून मी भाचीसाठी जुना फोन घेतला. दुकानदाराने समोर चालू करून दाखवला, आतून अगदी कोरा. घरी आल्यावर सिम टाकायला ट्रे ओढला तर सिमच्या जागेशेजारी करंगळीच्या नखाएवढं काळं मेमरी कार्ड. ते कोणाचं, हे कळावं म्हणून लावलं. हळदीचे फोटो होते. एका मुलीची दहावीची गुणपत्रिका होती. कोण्या आजीच्या आधारच्या दोन्ही बाजू आणि बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, खाते क्रमांकासकट. एका लग्नपत्रिकेच्या फोटोवर खाली मोबाईल नंबर होता, त्यावर फोन केला. पलीकडच्या बाई आधी घाबरल्या, मला काय हवंय हेच त्यांना कळेना. मग म्हणाल्या, "पण मी तर फोन रिसेट केला होता हो!" त्यांनी केलाच होता. बहुतेक फोनमध्ये रिसेट फोनच्या आतली जागा पुसतो, कार्डाला हात लावत नाही. दादर स्टेशनच्या पुलावर भेटून मी ते कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पर्समध्ये टाकलं नाही, मुठीत धरून गर्दीत गेल्या.

तर कार्ड आणि सिम दोन्ही काढा, डबल सिमचा फोन असेल तर दोन्ही सिम. मग सेटिंगमध्ये 'रिसेट' शोधा, 'इरेज ऑल डेटा' किंवा 'फॅक्टरी डेटा रिसेट' असं काहीतरी लिहिलेलं असेल, ते करा. फोन पुन्हा सुरू होऊन 'वेलकम' म्हणेल आणि भाषा विचारेल. तिथेच थांबून तो बंद करा. नव्या फोनवरून आपल्या गूगल खात्यातली 'सिक्युरिटी' उघडली की 'युअर डिव्हायसेस' अशी यादी दिसते. तिथे जुना फोन अजून दिसत असेल तर त्याला साइन आउट करा. ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर हे आदल्या रात्रीच उरका. डिलिव्हरीचा मुलगा दारात उभा, खाली त्याची गाडी, हातात अजून वीस पार्सलं, अशा घाईत कोणाच्याच हातून नीट पुसलं जात नाही. फोन चालू करून दाखवा म्हणाला तर खातं विचारणारा टप्पा 'स्किप' करून पुढे जाता येतं. आपलं खातं पुन्हा टाकू नका.

बादल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. तो माणूस वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पोटासाठीच फिरत असेल. पण त्याने घेतलेला फोन पुढे कोणाकडे जातो, हे तुम्हाला कळायचा काही मार्ग नाही. २०२४ साली तेलंगणातल्या रामगुंडम पोलिसांनी काही जणांना पकडलं, त्यांच्याकडे सुमारे ४ हजार जुने मोबाईल होते. गावोगाव फिरून, प्लास्टिकच्या वस्तू देऊन गोळा केलेले. हे फोन सायबर फसवणूक करणाऱ्या टोळ्यांकडे जाणार होते, असं तपासात पुढे आलं. प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो आणि रिसेट केल्यावरही तो बदलत नाही. वर्षानुवर्षं त्या आयएमईआयसोबत तुमचं सिम चाललेलं असतं. उद्या त्या फोनवरून काही गुन्हा झाला तर माग काढणारे आधी तुमच्या दारात येऊ शकतात, आणि तुमच्याकडे दाखवायला फक्त दोन बादल्या.

म्हणून चालणारा फोन द्यायचाच असेल तर जिथे कागद मिळतो तिथे द्या. एक्स्चेंजची ऑनलाइन पावती चालेल, लॅमिंग्टन रोडच्या दुकानातलं बिल चालेल. ओळखीच्या कोणाला, समजा कामाच्या मावशींच्या मुलाला दिलात, तरी दोन ओळी लिहून ठेवा: तारीख, कोणाला दिला, आयएमईआय काय. फोन पुसायच्या आधीच *#०६# दाबलंत की आयएमईआय समोर येतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही वहीत उतरवा. मुलाला यात अविश्वास वाटायचं कारण नाही. पुढेमागे कोणी विचारलं तर तो कागद त्याच्याही उपयोगाचा आहे.

यजमानांच्या फोनचं झाकण वर आलंय म्हणालात, म्हणजे आतली बॅटरी फुगलीय. हे वाचून मला माहितीपेक्षा तुमच्या शोकेसची जास्त काळजी वाटली. तो चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायला जाऊ नका, आणि डेटा नष्ट करायचा म्हणून त्यावर हातोडा तर अजिबात नको. फुगलेली लिथियमची बॅटरी टोचली किंवा चिरडली गेली तर पेट घेते. आजच तो खणातून काढा, एका स्टीलच्या ताटलीत ठेवा, गॅसपासून, उन्हापासून, कपड्या-कागदांपासून लांब. सिमचा ट्रे जोर न लावता निघत असेल तरच काढा. स्क्रीन काळी म्हणजे फोन रिकामा, असंही समजू नका. माहिती वेगळ्या चिपमध्ये असते, ती शाबूत असू शकते. यजमानांनी आपल्या खात्यातल्या त्याच यादीतून हा फोन काढून टाकावा आणि पासवर्ड बदलावा. मग तो त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्या, बॅटरी फुगलीय हे आधी सांगा आणि ई-कचऱ्यात घेतात का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. तिथे जमलं नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत केंद्रांची यादी बघायला लेकाला सांगा. तेवढं तो पुण्यात बसूनही करू शकतो.

राहिला अण्णांचा फोन.

तो कोणालाही देऊ नका, ताई. दुकानातही नेऊ नका. "डेटासकट उघडून देतो" म्हणणारे भेटतील. वर सांगितलेलं ते कुलूप अण्णांच्याही फोनला असणार आणि पॅटर्नशिवाय ते उघडत नाही. दुकानदार शेवटी रिसेट मारेल, फोन उघडेल, पण अण्णांचे फोटो गेलेले असतील. घरातल्यांनी पॅटर्न आठवून बघायला हरकत नाही, पण सटासट नको. दर काही चुकांनंतर फोन जास्त जास्त वेळ थांबायला लावतो.

त्याऐवजी अण्णांचं जीमेल कुठलं होतं, ते शोधा. त्यांना तो फोन कोणी सुरू करून दिला होता? बहुधा तुमच्या लेकानेच, आणि तेव्हा टाकलेला पासवर्ड त्याच्या कुठल्या तरी वहीत असेल. इथे मात्र दिवाळीपर्यंत थांबू नका, आज रात्रीच त्याला विचारा. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं, हे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू झालंय. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं, म्हणजे हाताशी महिने थोडेच आहेत. पासवर्ड सापडला तर एकदा लॉग इन केलं तरी मुदत पुढे जाते आणि बॅकअप झाले असतील तर त्यांचे फोटोही तिथे असतील. नाही सापडला तर मृत व्यक्तीच्या खात्याबद्दल जवळच्या नातेवाइकांना गूगलकडे अर्ज करता येतो, त्याला मृत्यूचा दाखला लागतो. अण्णांचा मोबाईल नंबर अजून चालू आहे का, तेही बघा. बंद पडलेला नंबर ९० दिवस तरी दुसऱ्या कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो कोणालाही मिळू शकतो. त्यांच्या बँक खात्याला किंवा एखाद्या विम्याला अजून तोच नंबर जोडलेला असेल तर बँकेत जाऊन तो बदलून घ्या.

आणि फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाका: अण्णांनी तुम्हाला पाठवलेलं जे काही असेल, फोटो, 'सुप्रभात'चे मेसेज, रेकॉर्ड केलेला आवाज, ते मला पाठवा. त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत समोरच्याच्या फोनमध्ये गेलेली असते. माझ्या ओळखीच्या एका घरात असा मेसेज टाकल्यावर चौथ्या दिवशी कोल्हापूरच्या आतेभावाकडून अकरा सेकंदांचा आवाज आला. "पोचलास का रे, जेवलास का?" एवढंच. त्या घरात तो आता पाच फोनांत ठेवलेला आहे.

फोन खणात परत ठेवाल तेव्हा पूर्ण चार्ज करून ठेवू नका आणि पूर्ण उतरलेलाही ठेवू नका. साधारण अर्धा भरून बंद करा, वर अण्णांच्या नावाची चिठ्ठी चिकटवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी काढून झाकण सपाट आहे ना, ते बघा.